नागपूरचे तांबे प्रकरण
१९२३ च्या निवडणुकीनंतर मध्यप्रांताच्या कौन्सिलात स्वराज्य पक्षाचे बहुमत झाले. मंत्र्यांचा वार्षिक पगार २ रुपयांवर आणून त्याने १९२४ साली नागपुरात द्विदल राज्यपद्धती बंद पाडली. सरकारी पद घ्यावयाचे नाही, ही पक्षाची प्रतिज्ञा. आणि ऑक्टोबर १९२५ मध्ये पक्षाचेच श्रीपाद बळवंत तांबे कौन्सिलचे अध्यक्षपद सोडून गव्हर्नरच्या कार्यकारी मंडळात जाऊन बसले! मोतीलाल नेहरू संतापले, केळकर, जयकर, मुंजे प्रतियोगी सहकारितेकडे वळले, पक्ष दुभंगला. नुसत्या अडवणुकीने काय साधले, हा वऱ्हाडातल्या पुष्कळांचा प्रश्न खोटा नव्हता. पण दिलेल्या शब्दाचे काय? त्याला कायद्याचे बळ नव्हते. पक्षांतरबंदी १९८५ साली आली. अपात्र ठरलेल्या पक्षांतरिताला मंत्रिपद नाही, हे कलम यावयास मात्र २००३ उजाडले.