माग आणि नकाशा

फारशीतील 'फर्याद' म्हणजे संकटात सापडलेल्या माणसाने मारलेली हाक. मराठीने तो शब्द घेतला, त्याची 'फिर्याद' केली आणि पुढे त्या हाकेचा कागद झाला. या एका शब्दाच्या परिवारात निरनिराळ्या कुळांची मंडळी नांदतात: 'ठाणे' संस्कृत 'स्थान' शब्दातून आलेले, 'खबर' व 'नकाशा' अरबीतून फारशीच्या मार्गे उतरलेले, 'गुन्हा' फारशी, आणि 'पंचनामा' तर अर्धा संस्कृत, अर्धा फारशी. धाराशिव जिल्ह्यातल्या लोहाऱ्याच्या ठाण्यात आज कोणी शेतकरी विहिरीवरची मोटार चोरीस गेल्याची फिर्याद देतो, तेव्हा तिला गुन्हा रजिस्टरचा क्रमांक पडतो, आणि प्रकरण संवेदनशील नसेल तर ती फिर्याद राज्य पोलिसांच्या संकेतस्थळावर जिल्हा, ठाणे आणि तारीख निवडून कोणासही वाचता येते. ही सोय नवी आहे. तिच्यामागची अपेक्षा मात्र फार जुनी आहे.

दख्खनच्या गावगाड्यात चोरी ही खाजगी बाब नव्हती. घर फुटले की जागल्या, रामोशी किंवा महार पहाटेच्या ओल्या मातीत पावलांचा माग काढीत निघे, आणि तो माग गावच्या शिवेपर्यंत गेला की शेजारच्या गावच्या पाटलास बोलावून तो रीतसर त्याच्या हवाली केला जाई. त्या गावाने माग पुढच्या शिवेवर नेऊन द्यावा, आणि ज्याच्या हद्दीत तो नाहीसा होईल त्या गावाने मुद्देमालाची भरपाई करावी, असा दंडक असे. ज्या महारांच्या शब्दावर शिवेचे तंटे मिटत, त्यांना प्रत्येक बांध, ओढा आणि पाऊलवाट मुखोद्गत असे; कागदावर कधीही न उतरलेला, परंतु अवघ्या चावडीस ठाऊक असलेला असा गुन्ह्यांचा पहिला नकाशा त्यांच्या स्मरणात होता. त्या व्यवस्थेचे गुणगान मला करावयाचे नाही, कारण ज्यांच्या खांद्यावर तिचा भार होता त्यांनाच तिने गावकुसाबाहेर ठेवले. परंतु काय घडले आणि कोठे घडले हे गावास कळले पाहिजे, हे तत्त्व तिने निरपवाद मानले होते.

कागदावरचा नकाशा आला तो दोन भिन्न हेतूंनी. फ्रान्समध्ये १८२५ सालापासूनच्या गुन्ह्यांचे वार्षिक तक्ते सरकार छापून प्रसिद्ध करू लागले, आणि त्यांच्या आधारे आंद्रे-मिशेल गेरी व आद्रियानो बाल्बी या दोघांनी १८२९ मध्ये प्रांतवार छटांचे नकाशे काढले. जेथे शिक्षण अधिक तेथे चोऱ्या कमी असतील, ही सुशिक्षितांची समजूत त्या नकाशांनी खोटी ठरविली. शिक्षणात पुढारलेल्या उत्तर फ्रान्समध्येच मालमत्तेविरुद्धचे गुन्हे अधिक दिसले. आमच्याकडे त्याच सुमारास विल्यम स्लीमन आणि त्याचे सहकारी माफीच्या साक्षीदारांच्या जबान्यांवरून, ठगांनी प्रवाशांना मारून पुरले त्या जागा नकाशावर टिपीत होते. गेरीचा नकाशा वाचकांसाठी होता, स्लीमनचा दप्तरासाठी. ठगांच्या विषयावर १८३९ मध्ये कादंबरी लिहिणारा मेडोज टेलर पुढे १८५३ मध्ये, निजामाने इंग्रजांकडे सोपविलेल्या नळदुर्ग जिल्ह्याचा कारभार पाहावयास आला. ते नळदुर्ग लोहाऱ्याच्या शेजारच्याच मुलखात आहे, आणि गुन्ह्याची माहिती ही सरकारची गुप्त ठेव होय, ही दृष्टी त्या काळच्या कारभाऱ्यांत सर्रास होती.

ब्रिटिश मुलखात १८६१ च्या पोलीस कायद्याने ठाण्याची रोजची डायरी सक्तीची केली. १८९८ च्या फौजदारी संहितेच्या कलम १५४ ने तोंडी खबर लेखी करून ती देणाऱ्यास वाचून दाखविण्याचा नियम दृढ केला. लोहारा तेव्हा निजामाच्या राज्यात होते. येथे माली पाटील निराळा आणि पोलीस पाटील निराळा, कारभार उर्दूतून. मराठी माणसाने मराठीत सांगितलेले गाऱ्हाणे परक्या लिपीत उतरे आणि त्यात काय लिहिले गेले हे त्यालाच वाचता येत नसे. १९४७-४८ मध्ये रझाकारांनी केलेले अत्याचार आणि निजामाच्या राज्यावरील पोलीस कारवाईनंतर मुसलमान वस्त्यांवर ओढवलेला संहार, यांतले किती कोणत्या डायरीत चढले असेल? त्या संहाराची चौकशी करणाऱ्या पंडित सुंदरलाल समितीने सर्वाधिक झळ पोचलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबादचे, म्हणजे आजच्या धाराशिवचे, नाव घेतले, आणि तो अहवाल सहा दशकांहून अधिक काळ लोकांपासून दूर राहिला. ज्या जिल्ह्यात हे घडले तेथील लोकांना ते वाचता येऊ नये, ही गोष्ट मला आजही बोचते.

दप्तराबाहेर पडण्याचा फिर्यादीचा प्रवास संथ झाला. 'क्राइम इन इंडिया' हा देशाचा वार्षिक अहवाल १९५३ च्या आकड्यांपासून सुरू झाला. १९७३ च्या संहितेने फिर्यादीची नक्कल फिर्यादीस विनामूल्य देणे बंधनकारक केले. २००५ च्या माहिती अधिकाराने दप्तराचे दार किलकिले झाले. खरी कलाटणी ७ सप्टेंबर २०१६ रोजी मिळाली. यूथ बार असोसिएशनच्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयाने आज्ञा केली की, नोंदविलेली प्रत्येक फिर्याद चोवीस तासांत संकेतस्थळावर चढवावी, दुर्गम भागात अधिकात अधिक बहात्तर तास घ्यावेत, आणि लैंगिक अत्याचार, दहशतवाद, बालकांवरील गुन्हे अशी संवेदनशील प्रकरणे तेवढी वगळावीत. आणि १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या नव्या संहितेच्या कलम १७३ ने, गुन्हा कोणत्याही हद्दीत घडला असला तरी खबर घ्यावी असे स्पष्ट केले. 'हद्द आमची नाही' हे वाक्य ऐकून परत फिरलेल्या माणसांच्या पिढ्या आठवल्या, म्हणजे या एका ओळीचे मोल कळते.

तथापि लोहाऱ्याच्या नागरिकास आज मिळते ती यादी, नकाशा नव्हे. शिकागोत २००५ मध्ये एड्रियन होलोव्हाटी या पत्रकाराने पोलिसांच्या उघड नोंदी शहराच्या नकाशावर मांडल्या, आणि इंग्लंडने २०११ मध्ये रस्तोरस्तीचे नकाशे सर्वांस खुले केले. तेथे गुन्ह्याचा बिंदू मूळ घरावर न ठेवता जवळच्या अशा ठिकाणी सरकवितात की ज्याच्या परिसरात किमान आठ घरे असावीत, म्हणजे पीडिताचा पत्ता उघड होत नाही. ही युक्ती आमच्या मुलखात तशीच चालणार नाही. तेरणेच्या काठी शेतातल्या वस्तीवर कधी दोनच घरे असतात. बिंदू कोठेही सरकविला तरी कोणाचे घर फुटले हे अवघा तालुका ओळखील. १९९३ च्या ३० सप्टेंबरच्या भूकंपानंतर सास्तूरसारख्या गावांचे पुनर्वसन झाले; नाव तेच राहिले आणि घरे दुसरीकडे गेली, म्हणून जुन्या नोंदीतले 'गावातील चौक' आजच्या नकाशावर शोधू जाता भलतीकडेच बोट ठेवले जाते.

याहून गंभीर भय आहे ते नकाशाने पारधी वस्तीवर बोट ठेवण्याचे. १८७१ च्या कायद्याने पारध्यांसारख्या जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरविल्या, त्यांची हजेरी घेतली, सोलापुरास त्यांना तारेच्या कुंपणात कोंडले. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, परंतु चोरी झाली की आधी पालावर जायचे ही सवय रद्द झालेली नाही. नकाशात उतरतो तो नोंदलेला गुन्हा, आणि नोंद तेथेच अधिक होते जेथे संशयाने पाहणारे डोळे अधिक असतात. म्हणून माझी मागणी अशी की, नकाशा गावनिहाय असावा, घरनिहाय वा वस्तीनिहाय नसावा. आरोपीची जात-जमात त्यात कोठेही येऊ नये. आणि प्रत्येक गावाच्या नावापुढे गुन्ह्यांच्या संख्येबरोबर तपासाचे काय झाले, दोषारोपपत्र गेले की नाही, न्यायालयाने काय ठरविले, हेही असावे. माग शिवेवर नेऊन दिल्यावर पुढच्या गावाने तो कोठवर नेला, हे पहिल्या गावास विचारण्याचा हक्क होताच.