आप्पासाहेब भोसल्यांचे असत्य

नागपूरच्या सीताबर्डीवरचा किल्ला सर्वसामान्य नागरिकांना वर्षातून मोजक्या राष्ट्रीय सणांच्या दिवशीच पाहावयास मिळतो. त्या दिवशी सहकुटुंब वर गेलेली मंडळी १८१७ सालच्या लढाईची हकीकत ऐकतात, मुले तोफांपाशी रेंगाळतात आणि दुपारपर्यंत सारे घरी परततात. हा किल्ला लढाईनंतर बांधला गेला, लढाईच्या वेळी येथे दोन उघड्या टेकड्या होत्या, एवढी माहिती बहुतेकांस असते. परंतु ज्या घटनेपासून त्या लढाईची वाट सुरू झाली, ती टेकडीवर घडलीच नाही. ती राजवाड्याच्या एका शयनगृहात, एका आजारी माणसाच्या अंथरुणावर घडली.

दुसरे रघुजी भोसले २२ मार्च १८१६ रोजी निवर्तले. त्यांचा पुत्र परसोजी हा दृष्टिहीन आणि शरीराने पंगू होता. गादी त्याची, परंतु कारभार दुसऱ्या कोणी करावा हे उघडच होते. एका बाजूस रघुजींची पत्नी बाकाबाई व धर्माजी भोसले यांचा पक्ष होता, दुसऱ्या बाजूस परसोजीचा चुलतभाऊ मुधोजी, ज्यास इतिहास आप्पासाहेब म्हणून ओळखतो. आप्पासाहेब तरुण होते, देखणे होते आणि बोलण्यात मधुर होते. त्यांनी धर्माजीस कैद केले आणि त्या कैदेतच धर्माजीचा अंत झाला. कारभार हाती आला. पण घरात विरोध धुमसतच राहिला. तेव्हा त्यांनी बाहेरचा आधार शोधला. २७ मे १८१६ च्या रात्री इंग्रज रेसिडेंट रिचर्ड जेन्किन्स याच्याशी तैनाती फौजेचा तह झाला. फौजेच्या खर्चापोटी नागपूरकरांनी वर्षाला साडेसात लाख रुपये द्यावयाचे होते. थोरल्या रघुजींनी आयुष्यभर जो तह टाळला, तो त्यांच्या मृत्यूनंतर सव्वादोन महिन्यांत, रात्रीच्या वेळी उरकण्यात आला. घरच्यांपासून लपविण्यासारखे काही नसते, तर रात्रीची गरज का पडली असती?

१८१७ च्या आरंभी आप्पासाहेब चांद्यास गेले. ते तेथे असतानाच, १ फेब्रुवारीच्या सकाळी, परसोजी आपल्या अंथरुणात मृत आढळला. दुखण्याने गेला असे सांगण्यात आले. तो जन्माचा रोगी होता. ऐकणाऱ्याला नवल वाटण्याचे कारण नव्हते. चांद्याकडे निरोप गेला, आप्पासाहेब परतले आणि पुढे मुधोजी या नावाने गादीवर बसले. वर्षभराने ते इंग्रजांच्या कैदेत आल्यावर जो पुरावा पुढे आला, त्यावरून परसोजीस त्यांच्याच सांगण्यावरून गळा दाबून मारण्यात आले असे ठरले. हा पुरावा जेत्यांनी गोळा केलेला आहे, आणि त्यांना या राजाला पदच्युत करावयाचे होते, हे वाचकाने विसरू नये. तथापि नंतरच्या इतिहासकारांनीही सामान्यतः हा आरोप मान्य केला आहे.

मला या प्रकरणात खुनापेक्षाही चांद्याच्या मुक्कामाचा विचार अधिक अस्वस्थ करतो. भाऊ गेल्याचा निरोप घेऊन जासूद येतो. जी बातमी आपल्याला अगोदरच ठाऊक आहे, ती प्रथमच ऐकत आहोत असे मुद्रेवर दाखवावे लागते. मग परतीचा प्रवास, सुतक, सांत्वनास येणारे सरदार, आणि वाड्यात परसोजीची विधवा दुर्गाबाई. तिच्यासमोर आप्पासाहेब कोणत्या शब्दांनी बोलले असतील ते कोणी लिहून ठेवलेले नाही. जुन्या करारातील योसेफाचे भाऊ त्याचा रक्तात बुडविलेला अंगरखा पित्याकडे पाठवितात आणि याकोब शोक करू लागल्यावर त्याचे सांत्वन करावयास तेच बसतात. बायबलातील इतकी भयंकर दृश्ये थोडीच असतील. त्यांनी तोंडाने खोटे फारसे उच्चारलेच नाही. अंगरखा पुढे केला आणि ओळखण्याचे काम म्हाताऱ्यावर सोपविले.

रेसिडेंट जेन्किन्स या वेळी काय करीत होता? तो मूर्ख नव्हता. १८०७ पासून नागपुरात राहून त्याने दरबारातील माणसे पारखली होती. परंतु त्याच्या सरकारास हवा असलेला तह करणारा माणूस गादीवर येत होता. मृत्यूचे दिलेले कारण स्वीकारणे सोयीचे होते आणि ते स्वीकारण्यात आले. असत्य एकट्या सांगणाऱ्याच्या बळावर उभे राहत नाही. ते ऐकून घेण्यात ज्याचा लाभ असतो तो त्याला खांदा देतो. पुढे हाच राजा कंपनीविरुद्ध गेला तेव्हा त्याच अंथरुणाची चौकशी झाली. घरोघरी असेच होते. मुलाने आणलेल्या पैशाचा उगम आई विचारीत नाही. विचारते ती पैसा येणे थांबल्यावर.

असत्याची सवय जडली की माणूस मित्र आणि शत्रू असा भेद करीत नाही. ज्या आप्पासाहेबांनी इंग्रजांच्या भरवशावर घरच्यांना फसविले, ते आता पुण्याच्या दुसऱ्या बाजीरावाशी गुप्त पत्रव्यवहार ठेवून इंग्रजांना मैत्रीची आश्वासने देऊ लागले. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीला लढाई झाली, तरी नागपुरात स्नेहाची भाषा चालूच होती. २४ नोव्हेंबरला त्यांनी पेशव्यांकडून आलेला खिलत उघड दरबारात स्वीकारला आणि या समारंभास रेसिडेंटलाही बोलावणे धाडले. तो गेला नाही. २६ च्या संध्याकाळी सीताबर्डीवर गोळीबार सुरू झाला. कंपनीची फौज संख्येने फारच थोडी होती. रात्रभर आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत लढाई चालली. अरबांनी लहान टेकडी जिंकलीही; परंतु कॅप्टन फिट्झजेराल्डच्या घोडदळाच्या हल्ल्याने पारडे फिरले. आणि मग आप्पासाहेबांनी निरोप पाठविला की, हे सारे आपल्या इच्छेविरुद्ध घडले, फौजेनेच परस्पर केले.

जी माणसे त्यांच्या नावाने टेकडीवर मेली, त्यांना त्यांच्या धन्याने असे नाकारले. परकीय सत्तेशी युद्ध करताना गनिमाला हुलकावणी देणे यास कोणी पाप म्हणणार नाही, आणि आप्पासाहेबांकडे स्वातंत्र्यासाठी लढलेला राजा म्हणून पाहणारी दृष्टीही निराधार नाही. पण आपल्याच मृत सैनिकांविषयी खोटे बोलणे ही हुलकावणी नव्हे. संत आगुस्तीन यांनी ३९५ च्या सुमारास असत्यावर स्वतंत्र ग्रंथ लिहून त्याचे आठ प्रकार पाडले. कोणाचाही लाभ न होता दुसऱ्याची हानी करणारे असत्य कोणते आणि कोणाला वाचविण्यासाठी बोललेले कोणते, असे ते तोलतात. तरी यांपैकी एकासही निर्दोष म्हणत नाहीत. लहानपणी पापनिवेदनाला जाताना आम्ही ‘तीन वेळा खोटे बोललो’ असे आकड्यात सांगून मोकळे होत असू. कोणाशी बोललो आणि त्याचे त्याला काय भोगावे लागले, हे सांगण्याची वेळ आली असती तर रांग एवढी लवकर सरली नसती.

आपल्या नागपूर धर्मप्रांताचे मुख्य मंदिर ज्या संतांच्या नावाने आहे, त्या संत फ्रान्सिस द सेल्स यांनी गृहस्थाश्रमी माणसांसाठी लिहिलेल्या, १६०९ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात याविषयी मोठा व्यवहार्य उपदेश केला आहे. प्रत्येक सत्य प्रत्येकाला सांगितलेच पाहिजे असे ते म्हणत नाहीत. कधी मौन हेच शहाणपण असते. परंतु सत्याच्या विरुद्ध बोलू नये आणि दुटप्पीपणाने मन गढूळ करू नये. हा उपदेश देणारे धर्माध्यक्ष अत्यंत सौम्य स्वभावाचे म्हणून ख्यात होते, हे मुद्दाम ध्यानात घ्यावे. कारण ‘खरे बोलायचे म्हणजे माणसे दुखावतात’ ही सबब आपल्या घरांत नेहमीच पुढे केली जाते.

डिसेंबरात आप्पासाहेब शरण आले. जानेवारी १८१८ मध्ये कडक अटींवर त्यांना पुन्हा गादी मिळाली आणि पुन्हा बाजीरावाकडे गुप्त निरोप जाऊ लागले. १५ मार्च रोजी जेन्किन्सने त्यांना अटक केली. अलाहाबादकडे नेत असताना, जबलपूरजवळच्या रायचूर येथे, मे महिन्यातील एका रात्री पहाऱ्यावरील काही शिपाई फितूर झाले. शिपायाच्या पोशाखात आप्पासाहेब छावणीबाहेर पडले. त्यांच्या अंथरुणात उशी ठेवलेली होती.

दाविदास वाचविण्यासाठी मीखलने हेच केले होते. बिछान्यात मूर्ती निजवून तिने आपल्या पित्याच्या, शौल राजाच्या, जासूदांना चकविले. तिचे कृत्य पतीच्या प्राणासाठी होते आणि वाचक तिच्यावर रागावत नाही. आप्पासाहेबांच्या पलायनावरही रागावणे कठीण आहे. तरी त्या उशीकडे पाहताना दुसरे अंथरूण डोळ्यांपुढून हलत नाही. तेथे माणूस खराच निजला होता.

पुढे ते महादेवाच्या डोंगरात गोंडांच्या आश्रयास गेले. त्यांना पकडून देणाऱ्यास मोठे इनाम जाहीर झाले. त्या दऱ्याखोऱ्यांतील गोंड दरिद्री होते, इंग्रजांच्या तुकड्या त्यांच्या वस्त्यांवर चालून येत होत्या. तरी कोणी त्यांना विकले नाही. ज्याने स्वतःच्या भावाचा विश्वास पाळला नाही, त्याचा विश्वास ज्यांचे त्यांच्याशी काही नाते नव्हते अशा लोकांनी पाळला. नागपूरच्या इतिहासात या गोंडांविषयी फार थोडे लिहिले जाते, हा अन्याय आहे.

इकडे जून १८१८ मध्ये दुर्गाबाईने थोरल्या रघुजींच्या मुलीचा मुलगा दत्तक घेतला. तो तिसरा रघुजी म्हणून गादीवर बसला आणि बाकाबाईकडे वाड्याचा व मुलाचा सांभाळ आला. कारभार मात्र जेन्किन्सच्या हाती गेला. हा रघुजी १८५३ मध्ये निपुत्रिक वारला आणि पुढच्याच वर्षी डलहौसीने राज्य खालसा केले.

आप्पासाहेब १८१९ मध्ये अशीरगडावरून निसटले. फकिराच्या वेषात उत्तरेकडे गेले, काही काळ रणजितसिंहाच्या लाहोरात राहिले, डोंगरी संस्थानांत भटकले. अखेर जोधपूरच्या महाराजा मानसिंगाने त्यांना आश्रय दिला आणि इंग्रजांनी मागणी करूनही त्यांना स्वाधीन केले नाही. तेथेच १८४० साली त्यांचा अंत झाला. नागपूर सोडल्यास तेव्हा बावीस वर्षे झाली होती.