ईश्वरेच्छा-विवेक, ख्रिस्ती
जीवनातील लहानमोठे निर्णय घेताना ईश्वराची इच्छा कोणती, हे ओळखण्याची ख्रिस्ती धर्मातील साधना व तिची तत्त्वे. मनात उद्भवणारी प्रत्येक प्रेरणा ईश्वराकडूनच येते, असे ख्रिस्ती धर्म मानीत नाही. ती पवित्र आत्म्याची असू शकेल, माणसाच्या स्वतःच्या वासनेची असू शकेल किंवा सत्प्रेरणेचे रूप घेऊन आलेली सैतानाची भुलावणही असू शकेल. म्हणून प्रेरणांची पारख करणे आवश्यक ठरते. विवाह, व्यवसाय, संन्यास, संपत्तीचा विनियोग, दुसऱ्याशी करावयाचा व्यवहार असे रोजच्या आयुष्यातील प्रश्न या पारखीचे विषय होत. व्यक्तीच्या अंतःप्रेरणेला पूर्ण मोकळीक दिली, तर भ्रमालाच देववाणी मानले जाण्याचा धोका असतो. उलट ती सर्वस्वी धर्मसंस्थेच्या अधीन केली, तर सद्सद्विवेकबुद्धीचा कोंडमारा होतो. या दोहोंमधील ताणातूनच या साधनेचा इतिहास घडला आहे.

बायबलमधील आधार : जुन्या करारात ईश्वरी कौल घेण्याचे अनेक प्रकार आढळतात. याजक उरीम व थुम्मीम यांच्या साहाय्याने कौल घेत. गिदोनाने लोकरीवर पडणाऱ्या दवाची खूण मागितली. तथापि बाल शमुवेलाला आपणास हाक मारणारा कोण हे प्रथम कळले नाही व वृद्ध एलीच्या सांगण्यावरूनच ते उमगले, तर एलीयाला ईश्वर वादळात, भूकंपात वा अग्नीत न भेटता मंद वाणीतून भेटला, या कथांतून बाह्य चमत्कारापेक्षा सावध श्रवणाला महत्त्व मिळालेले दिसते. नव्या करारात यहूदाच्या जागी मत्तथियाची निवड चिठ्ठ्या टाकून झाल्याचा उल्लेख आहे. परंतु पवित्र आत्म्याच्या अवतरणानंतर प्रेषितांनी पुन्हा ही पद्धत वापरल्याचे दिसत नाही. यहूदीतर ख्रिस्ती लोकांवर सुंतेचे बंधन असावे की नाही, हा प्रश्न यरुशलेममधील सभेत चर्चा करून सोडविण्यात आला. पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात आत्मे ओळखण्याची शक्ती हे एक कृपादान म्हणून गणले आहे. योहानाच्या पहिल्या पत्रात प्रत्येक आत्म्याची परीक्षा करण्याचा आदेश आहे. गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात प्रीती, आनंद, शांती, सहनशीलता इ. आत्म्याची फळे सांगितली आहेत. प्रेरणा तिच्या फळांवरून ओळखावी, हा पुढील सर्व विवेचनाचा पाया येथेच घातला गेला.

मरुभूमीतील तपस्वी व मध्ययुग : चौथ्या शतकात ईजिप्तच्या वाळवंटात राहणाऱ्या तपस्व्यांनी या विषयाचे पहिले सूक्ष्म निरीक्षण केले. ॲथानेशियसने लिहिलेल्या सेंट अँटनीच्या चरित्रात, सत्प्रेरणेने मनास शांती व धैर्य लाभते, तर दुष्प्रेरणा मागे खळबळ व उद्विग्नता ठेवून जाते, असा निकष सांगितला आहे. जॉन कॅसियन (सु. ३६०–सु. ४३५) याने या तपस्व्यांची संभाषणे लॅटिनमध्ये लिहून यूरोपला परिचित करून दिली. त्यांत विवेक ही सर्व सद्गुणांची जननी मानली आहे. पन्नास वर्षे कठोर तप केलेल्या हेरॉन नावाच्या एका वृद्ध तपस्व्याची कथा तो सांगतो. देवदूताच्या रूपात आलेल्या सैतानाच्या सांगण्यावरून, आपल्या पुण्याईने आपणास इजा होणार नाही, अशा खात्रीने त्याने विहिरीत उडी घेतली व त्यातच त्याचा अंत झाला. आपले विचार ज्येष्ठांपुढे उघड न करणे, हे त्याच्या नाशाचे कारण कॅसियन देतो. सहाव्या शतकातील सेंट बेनेडिक्टच्या नियमावलीत या तत्त्वाला सामुदायिक रूप मिळाले. महत्त्वाच्या प्रसंगी मठाधिपतीने सर्वांचा सल्ला घ्यावा. कारण योग्य मार्ग ईश्वर पुष्कळदा धाकट्यांना दाखवितो, असे त्यात म्हटले आहे.

उत्तर मध्ययुगात दृष्टांत सांगणाऱ्या स्त्रीपुरुषांची संख्या वाढली, तेव्हा पारखीचा प्रश्न धर्मसत्तेचा व राजसत्तेचाही झाला. पॅरिस विद्यापीठाचा कुलपती जां गेर्साँ (१३६३–१४२९) याने प्रेरणांच्या परीक्षेवर ग्रंथ लिहून दृष्टांत पाहणाऱ्याची नम्रता, शील व उद्देश तपासण्याचे नियम घालून दिले. जोन ऑफ आर्क हिला ऐकू येणारे आवाज सैतानी ठरवून तिला १४३१ मध्ये रूआन येथे जिवंत जाळण्यात आले. १४५६ मध्ये तो निकाल रद्द झाला आणि १९२० मध्ये तिला संतपद देण्यात आले. परीक्षा करणारेच पक्षपाती असतील, तर पारखीचे शस्त्र कसे उलटू शकते, याचे हे ठळक उदाहरण होय.

इग्नेशियस लॉयोला : या साधनेला सुसंगत पद्धतीचे रूप सेंट इग्नेशियस लॉयोला (१४९१–१५५६) याने दिले. १५२१ मध्ये पांप्लोनाच्या लढाईत जखमी होऊन तो अंथरुणाला खिळला असता त्याच्या वाचनात ख्रिस्ताचे व संतांचे चरित्र आले. शौर्य व प्रणय यांच्या कल्पनांत रमल्यावर मन मागाहून रुक्ष होते, तर संतांचे अनुकरण करण्याच्या विचाराने लाभलेला आनंद टिकून राहतो, हा फरक त्याच्या लक्षात आला. मांरेसा येथील साधनेनंतर त्याने सिद्ध केलेल्या आध्यात्मिक साधना या पुस्तिकेस १५४८ मध्ये पोपची संमती मिळाली. तत्पूर्वी या शिकवणीबद्दल आल्काला व सालामांका येथे त्याची चौकशी होऊन त्याला तुरुंगवासही घडला होता.

या पुस्तिकेत निवडीचे तीन प्रसंग सांगितले आहेत : ईश्वराची इच्छा निःसंदिग्धपणे कळते तो पहिला, सांत्वन व विषण्णता यांच्या आलटून पालटून येणाऱ्या अनुभवांवरून ती उमगते तो दुसरा, आणि मन शांत असताना दोन्ही बाजूंचे लाभ-हानी बुद्धीने तोलून निर्णय घ्यावयाचा तो तिसरा. अशा वेळी अगदी अपरिचित माणसास आपण काय सल्ला दिला असता किंवा मृत्यूच्या क्षणी कोणता निर्णय घेतलेला असावा असे वाटेल, याचा विचार करावा, असे तो सुचवितो. विषण्णतेच्या काळात पूर्वीचा निश्चय बदलू नये व मनातील प्रलोभन गुप्त न ठेवता जाणत्या मार्गदर्शकास सांगावे, हे त्याचे नियम विशेष प्रसिद्ध आहेत. संपूर्ण साधनेस सु. तीस दिवसांचा एकांत लागतो. परंतु कामधंद्यात गुंतलेल्यांनी रोज थोडा वेळ देऊन ती करावी, अशीही सोय त्याने ठेवली. दिवसाच्या घटनांकडे कृतज्ञतेने व चिकित्सकपणे पाहण्याचे दैनिक आत्मपरीक्षण हा या पद्धतीचा सर्वांत व्यवहार्य भाग होय. सेंट फ्रान्सिस द साल (१५६७–१६२२) याने ही साधना गृहस्थांसाठी सुलभ केली. किरकोळ गोष्टींत ईश्वराची इच्छा शोधीत बसणे म्हणजे खुर्दा मोत्यांच्या काट्यावर तोलण्यासारखे निरर्थक होय, असा त्याचा अभिप्राय होता.

प्रॉटेस्टंट परंपरा : मार्टिन ल्यूथरने प्रत्येकाचा प्रामाणिक व्यवसाय हेच ईश्वराने दिलेले पाचारण मानून दैनंदिन कामाला धार्मिक प्रतिष्ठा दिली. मात्र १५२१ च्या अखेरीस व्हिटन्बेर्क येथे आलेल्या व ईश्वर आपल्याशी प्रत्यक्ष बोलतो असे सांगणाऱ्या त्स्व्हिकाउच्या प्रवक्त्यांना त्याने विरोध केला. बायबलबाहेरील प्रेरणेस स्वतंत्र प्रामाण्य देण्यास तो तयार नव्हता. इंग्‍लंडमध्ये जॉर्ज फॉक्स (१६२४–९१) याच्या क्वेकर पंथाने प्रत्येकाच्या अंतरातील प्रकाशास प्राधान्य दिले. त्या पंथाचा जेम्स नेलर १६५६ मध्ये ख्रिस्ताच्या यरुशलेम-प्रवेशाचे अनुकरण करीत ब्रिस्टल शहरात शिरला. पार्लमेंटने त्याला धर्मनिंदक ठरवून त्याच्या कपाळावर डाग दिला व जीभ छेदविली. या आघातानंतर व्यक्तीची प्रेरणा समूहाने पडताळून पाहण्याची शिस्त क्वेकरांत दृढ झाली. त्यांच्या सभेत मतदान होत नाही. शांततेतून जो एकविचार निघेल, तो निर्णय म्हणून नोंदविला जातो. या पद्धतीचे मोठे फळ म्हणजे गुलामगिरीविरोध होय. जॉन वुल्मन (१७२०–७२) याला तरुणपणी मालकाच्या सांगण्यावरून एका गुलाम स्त्रीचे विक्रीपत्र लिहिताना मनात टोचणी लागली. तिचाच मागोवा घेत त्याने पुढे अनेक वर्षे आपल्या पंथबांधवांची मने वळविली. फिलाडेल्फियाच्या वार्षिक सभेने १७५८ मध्ये गुलामांच्या खरेदीविक्रीस विरोध नोंदविला व १७७६ मध्ये गुलाम बाळगणाऱ्यांना सभासदत्व नाकारले.

अठराव्या शतकात मोरेव्हियन पंथात विवाहासारखे निर्णयही चिठ्ठ्या टाकून होत. त्यांच्या प्रभावाखाली असलेल्या जॉन वेस्लीने १७३७ मध्ये सॅव्हाना येथे आपल्या विवाहाबाबत तीन चिठ्ठ्या केल्या व निघालेल्या चिठ्ठीनुसार तो विचार सोडून दिला. ही प्रथा एकोणिसाव्या शतकात क्रमशः लोप पावली. अमेरिकेतील धर्मजागृतीच्या लाटेत जॉनथन एडवर्ड्‌सने १७४१ व १७४६ मधील ग्रंथांतून अधिक चिकित्सक भूमिका घेतली. रडणे, थरथरणे, मूर्च्छा येणे ही ईश्वरी कार्याची लक्षणे नव्हेत आणि त्याविरुद्धचा पुरावाही नव्हे. खरी कसोटी टिकाऊ सदाचरणाची होय, असे त्याने प्रतिपादिले.

महाराष्ट्र : पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांनी १८८३ मध्ये इंग्‍लंडमध्ये बाप्तिस्मा घेतल्यानंतर सिस्टर जेराल्डिन यांच्याशी केलेला पत्रव्यवहार या प्रश्नाच्या गाभ्यालाच भिडतो. आपली सद्सद्विवेकबुद्धी कोणा धर्माधिकाऱ्याच्या स्वाधीन करण्यास त्यांनी नकार दिला. हा पत्रव्यवहार महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने १९७७ मध्ये प्रसिद्ध केला. केवळ प्रार्थनेच्या भरवशावर ब्रिस्टल येथे अनाथाश्रम चालविणाऱ्या जॉर्ज म्यूलर (१८०५–९८) याच्या आत्मवृत्ताचा त्यांच्यावर प्रभाव पडला. १८९६–९७ च्या दुष्काळात, हाती पुरेसा पैसा नसताही, अंतःप्रेरणेनुसार त्यांनी मध्य प्रांतातून शेकडो मुली आणून त्यांना आश्रय दिला. त्यातून केडगावचे मुक्तिसदन वाढले. रेव्ह. ना. वा. टिळक (१८६१–१९१९) यांनी १९१७ मध्ये अमेरिकन मराठी मिशनची सेवा सोडून, बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही सामावून घेणारा ‘देवाचा दरबार’ स्थापन केला, हाही असाच निर्णय होता. मुंबईत जन्मलेले जेझुइट धर्मगुरू अँथनी डिमेलो (१९३१–८७) यांनी इग्नेशियसच्या साधनेशी भारतीय ध्यानपद्धतीची सांगड घातली. त्यांची साधना संस्था पुण्यात सुरू होऊन पुढे लोणावळ्यास गेली. त्यांच्या काही मतांबद्दल व्हॅटिकनने १९९८ मध्ये सावधगिरीची सूचना प्रसिद्ध केली.

आधुनिक काळ : विल्यम जेम्सने १९०२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांत धार्मिक अनुभवाचे मूल्य त्याच्या उगमावरून नव्हे, तर त्याच्या फलितांवरून ठरवावे, असे मत मांडले, ते परंपरागत निकषाशी जुळणारे आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये सद्सद्विवेकबुद्धीस माणसाचे अत्यंत अंतरंग पवित्र स्थान मानून ‘काळाची चिन्हे’ ओळखण्याचे आवाहन केले. पहिले जेझुइट पोप फ्रान्सिस (कार. २०१३–२५) यांनी विवेक हा आपल्या शिकवणीचा केंद्रबिंदू केला. घटस्फोटानंतर पुनर्विवाह केलेल्यांविषयी त्यांनी २०१६ मध्ये व्यक्तिगत परिस्थितीच्या विवेकावर भर दिला, तेव्हा चार कार्डिनलांनी त्याविषयी लेखी शंका उपस्थित केल्या. २०२१–२४ या काळातील धर्मसभेत परस्परांचे शांतपणे ऐकून घेण्याची पद्धत अवलंबिण्यात आली.

पंथ व काळ भिन्न असले, तरी काही निकष या परंपरेत सातत्याने आढळतात : प्रेरणा धर्मग्रंथाच्या आशयाशी सुसंगत असावी, ती इतरांच्या परीक्षेस खुली असावी, घाईऐवजी तिला काळाची कसोटी लागावी आणि तिची परिणती अहंकारात न होता प्रेमात व सेवेत व्हावी. या निकषांनी निश्चित ज्ञान मिळते, असा दावा या परंपरेतील सावध लेखकांनी केलेला नाही. स्वतःच्या इच्छेलाच ईश्वराचे नाव देण्याची माणसाची प्रवृत्ती ओळखून तिला आवर घालणे, हेच त्यांचे मुख्य प्रयोजन होय.