ट्रकचा परवाना आणि घाटाचा उतार : अवजड वाहनचालकांना माहीत असायलाच हव्या अशा गोष्टी

बेळगाव : बेळगावात भाजी किंवा इतर माल भरून गोव्याकडे निघालेला ट्रक अनमोड किंवा चोर्ला घाट उतरतो तो भरलेला. परत येताना तो बहुतेक वेळा रिकामा असतो. म्हणजे गाडी जड असते तेव्हाच उतार लागतो. आंबोली घाटातून सावंतवाडीकडे उतरणाऱ्या गाड्यांचंही तेच. सीमाभागातली बरीच मुलं क्लीनर म्हणून गाडीवर चढतात आणि बघून बघून स्टिअरिंग धरतात. हात बसतो, पण कायदा आणि ब्रेकचं शास्त्र कुणी बसून शिकवत नाही. परवाना काढणाऱ्यांसाठी आणि आधीच काढलेल्यांसाठीही ही माहिती.

परवाना कुणाला मिळतो?

मोटार वाहन कायदा १९८८ नुसार मालवाहू किंवा प्रवासी, म्हणजे ‘ट्रान्सपोर्ट’ प्रकारचं वाहन चालवण्यासाठी वयाची २० वर्षं पूर्ण हवीत. त्याचं शिकाऊ लायसन्स मिळण्यापूर्वी हलक्या मोटार वाहनाचा परवाना किमान एक वर्ष जुना असावा लागतो. आठवी पासची अट २०१९ मध्ये निघाली, त्यामुळे शाळा अर्धवट सुटलेल्यालाही अर्ज करता येतो. मात्र डॉक्टरचं प्रमाणपत्र, म्हणजे फॉर्म १-ए, लागतंच. दूरचं नीट दिसत नसेल तर ते लपवण्यात कुणाचाच फायदा नाही.

अर्ज आपण राहतो किंवा व्यवसाय करतो त्या राज्यात करायचा. परवाना एका राज्याचा असला तरी चालतो देशभर. खानापूरच्या चालकाला गोव्यात किंवा महाराष्ट्रात वेगळा परवाना काढावा लागत नाही.

शिकाऊ लायसन्सची मुदत सहा महिने असते. ते मिळाल्यावर ३० दिवसांनी पक्क्या परवान्याची परीक्षा देता येते. २०२१ च्या नियमांनुसार मान्यताप्राप्त चालक प्रशिक्षण केंद्रात अवजड वाहनाचा अभ्यासक्रम ३८ तासांचा असून तो सहा आठवड्यांत पूर्ण करायचा असतो. तिथं उत्तीर्ण झालेल्याला आरटीओत पुन्हा गाडी चालवून दाखवावी लागत नाही.

छोट्या गाड्यांबाबत एक गोंधळ होता. हलक्या वाहनाच्या परवान्यावर छोटा टेम्पो चालवता येतो का, हा वाद विमा कंपन्यांमुळे सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. ६ नोव्हेंबर २०२४ रोजी पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने निकाल दिला की मालासह एकूण वजन ७,५०० किलोपर्यंत असेल तर हलक्या वाहनाचा परवाना पुरतो. त्यावरच्या गाडीला ‘ट्रान्सपोर्ट’ची नोंद हवीच.

मुदत संपली तर?

ट्रान्सपोर्ट परवाना पाच वर्षांसाठी मिळतो. गॅस, पेट्रोल, रसायनं असा धोकादायक माल नेण्याची नोंद असेल तर तीन वर्षांसाठी. पूर्वी मुदत संपल्यावर ३० दिवसांची सवलत असायची. २०१९ च्या दुरुस्तीनंतर ती राहिलेली नाही. मुदत संपली त्याच्या दुसऱ्या दिवसापासून तो चालक विनापरवाना धरला जातो.

नूतनीकरण मुदतीच्या एक वर्ष आधीपासून करता येतं, म्हणून शेवटच्या आठवड्याची वाट बघू नये. मुदत संपून एक वर्ष उलटलं तर पुन्हा परीक्षा द्यावी लागते. विनापरवाना चालवल्यास केंद्राच्या कायद्यात ५,००० रुपये दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही आहे. अशा चालकाच्या हाती गाडी देणाऱ्या मालकावरही कारवाई होते. अपघात झालाच तर विमा कंपनी भरपाईची रक्कम मालकाकडून वसूल करू शकते. म्हणून ही तारीख चालकाइतकीच मालकानेही वहीत लिहून ठेवावी.

फलकाची भाषा नाही, आकार वाचा

शिकाऊ लायसन्सच्या परीक्षेत वाहतूक चिन्हांवर प्रश्न असतात. सीमा ओलांडली की फलकावरची अक्षरं बदलतात, पण आकार देशभर एकच आहे. लाल काठाचा त्रिकोण म्हणजे पुढे धोका : वळण, उतार, शाळा. गोल म्हणजे हुकूम : वेगमर्यादा, प्रवेश बंद, ओव्हरटेक बंद. निळा चौकोन म्हणजे माहिती : दवाखाना, पेट्रोल पंप. उलटा त्रिकोण दिसला की दुसऱ्याला वाट द्यायची आणि अष्टकोन दिसला की थांबायचं.

वेगाची मर्यादा केंद्राने २०१८ मध्ये ठरवली आहे. मालवाहू वाहनाला दुभाजक असलेल्या चौपदरी किंवा मोठ्या रस्त्यावर ताशी ८० किलोमीटर, इतर रस्त्यांवर आणि शहरात ६०. स्थानिक फलकावर त्याहून कमी आकडा असेल तर तोच पाळायचा.

घाट उतरताना

‘ब्रेक फेल झाला’ असं अपघातानंतर ऐकू येतं. पुष्कळदा ब्रेक अचानक मोडलेला नसतो, तो तापलेला असतो. पायाखाली सतत दाबून ठेवला की ड्रम आणि लायनर तापतात, पकड सुटत जाते. पॅडल दाबलं जातं, पण गाडी थांबत नाही. जळका वास हा पहिला इशारा असतो.

उपाय जुनाच आहे. ज्या गिअरवर तोच घाट भरल्या गाडीने चढता येईल, त्या किंवा त्याखालच्या गिअरवर उतरायचं. आणि तो गिअर उतार सुरू होण्यापूर्वी टाकायचा. मधेच वेग वाढल्यावर खालचा गिअर पडत नाही आणि गाडी न्यूट्रलमध्येच अडकते. एक्झॉस्ट ब्रेक असेल तर वरपासूनच वापरावा. पायातला ब्रेक थोडा जोर देऊन दाबायचा, वेग ताशी आठ-दहा किलोमीटरने कमी झाला की सोडायचा, ड्रमला थंड व्हायला वेळ द्यायचा.

उतारावर डिझेल वाचतं म्हणून गाडी न्यूट्रल करण्याची सवय सगळ्यात घातक. न्यूट्रलमध्ये इंजिन गाडीला ओढून धरत नाही, सगळा भार ब्रेकवर येतो. इंजिनच बंद केलं तर एअर ब्रेकची टाकी भरणारा कॉम्प्रेसर थांबतो आणि पॉवर स्टिअरिंगही जड होतं. ब्रेक भराभर मारत राहिलं तर हवा संपत जाते. म्हणून घाटात एक नजर प्रेशर मीटरवर असावी. इशाऱ्याचा दिवा किंवा बझर लागला की मोकळी जागा बघून थांबायचं.

तापलेल्या ड्रमवर पाणी ओतू नये, तडा जाऊ शकतो. थांबून आपोआप थंड होऊ द्यावं. अरुंद घाटरस्त्यावर दोन गाड्या समोरासमोर आल्या तर चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, हा नुसता शिष्टाचार नाही, नियम आहे. पावसाळ्यात दरड, धुकं आणि अवजड वाहनांवरची बंदी यांची चौकशी निघण्याआधीच करावी.

निघण्यापूर्वी दहा मिनिटं

एअर टाकीतलं पाणी सोडणं, टायरची हवा आणि कट बघणं, चाकांचे नट हाताने तपासणं, मागचे दिवे आणि रिफ्लेक्टर पुसणं, ताडपत्रीचा दोर ओढून बघणं. एवढ्याला दहा मिनिटं पुरतात. चढावर थांबायची वेळ येते, म्हणून चाकाखाली लावायला लाकडी ठोकळा गाडीत असावा.

माल किती भरला हेही चालकाला माहीत हवं. दोन अॅक्सलच्या सहा टायरी ट्रकला मालासह १८.५ टनांची मर्यादा आहे, पण आपल्या गाडीचा आकडा आरसी बुकात बघावा. जादा वजनाला केंद्राच्या कायद्यात २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये दंड आहे. शिवाय जादा माल उतरवावा लागतो. दंडापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे तेच वजन उतारावर मागून ढकलतं.

झोप, रात्र आणि ऊसगाड्या

ताशी ६० च्या वेगात गाडी एका सेकंदात जवळपास १७ मीटर जाते. तीन सेकंद डोळा लागला तर ५० मीटर गाडी चालकाविना गेली. तंबाखू, चहा, मोठ्याने गाणी यांनी झोप हटत नाही, थोडा वेळ लपते. पंधरा-वीस मिनिटांची डुलकी जास्त कामाची. चालकाच्या कामाला दिवसाला आठ आणि आठवड्याला ४८ तासांची कायदेशीर मर्यादा आहे. पोच लवकर हवी म्हणून मालकाने फोनवर घाई केली तरी हा नियम चालकाच्या बाजूने आहे.

गळीत हंगामात बेळगाव, कोल्हापूर परिसरात रात्री ऊसवाहू ट्रॅक्टर हळू चालतात आणि कित्येकांना मागे दिवा नसतो. पुढचं अंतर हेडलाइटच्या उजेडात थांबता येईल एवढंच ठेवावं. आपली गाडी बंद पडली तर रस्त्याच्या कडेला घेऊन, चारही इंडिकेटर लावून, बऱ्याच मागे परावर्तक त्रिकोण ठेवावा. नुसते दगड आणि झाडाच्या फांद्या रात्री दिसत नाहीत. वळताना डाव्या बाजूची दुचाकी आरशात येत नाही, म्हणून क्लीनरला बघायला सांगूनच डावीकडे वळावं.

अपघात झाला तर

कलम १३४ नुसार जखमीला शक्य तितक्या लवकर दवाखान्यात पोचवणं चालकावर बंधनकारक आहे. जमाव चिडल्यामुळे ते शक्य नसेल तर कायदा ते समजून घेतो, पण मग जवळच्या पोलीस ठाण्यात लवकरात लवकर, उशिरात उशिरा २४ तासांच्या आत, हजर होऊन माहिती द्यायची. विमा कंपनीलाही कळवायचं. जिवाच्या भीतीने जागा सोडली तरी ११२ ला फोन करता येतो. त्या एका फोनने जखमीचा जीव वाचू शकतो, आणि चालक पळून गेला नव्हता याची नोंदही राहते.