वाकळ आणि बोचके : करवीर परिसरातील वस्त्रजीवनाचे एक दुर्लक्षित साधन

ताम्रपट, शिलालेख, नाणी, बखरी आणि दप्तरे यांना इतिहासाची साधने म्हणून जो मान मिळाला, तो घरगुती वस्तूंच्या वाट्यास क्वचितच आला. कोल्हापूरच्या पुरालेखागारात संस्थानी कारभाराचे कागद आहेत. परंतु शेतकरी, कारागीर व मजूर कुटुंबांतील स्त्रिया प्रत्यक्षात काय नेसत होत्या, याचा वस्तुरूप पुरावा फार थोडा उरला आहे. विरलेले लुगडे कोणी पेटीत जपून ठेवीत नाही. ते राहते एकाच ठिकाणी, आणि ते म्हणजे वाकळेच्या पोटात. म्हणून वाकळेचा विचार केवळ हस्तकला म्हणून न करता साधन म्हणून करणे अगत्याचे आहे.

चिंध्यांच्या या अंथरुणा-पांघरुणास गोधडी, वाकळ अशी नावे आहेत; सीमेपलीकडील कन्नड भाषक तिला कौदी म्हणतात. संस्कृतातील कंथा ही तिची पूर्वज होय. भर्तृहरीच्या वैराग्यशतकात शेकडो जीर्ण तुकड्यांच्या कंथेचा निर्देश येतो तो विरक्ताची खूण म्हणून. ठिगळांच्या पांघरुणामुळे गाडगेमहाराजांना (१८७६-१९५६) गोधडेबुवा हे नाव मिळाले, तेही याच परंपरेत. परंतु संसारी घरातील वाकळ वैराग्याची नव्हे, काटकसरीची आणि मायेची वस्तू आहे.

तिची रचना नऊवारी लुगड्याच्या मापाशी बांधलेली आहे. नऊ वारांचे चार समान भाग केले तर प्रत्येक भाग सव्वादोन वारांचा होतो. दोन भाग शेजारी जोडून वरची बाजू आणि दोन जोडून खालची बाजू तयार होते. पन्हा सव्वा वाराचा धरल्यास एका लुगड्यात सुमारे सव्वादोन वार लांब व अडीच वार रुंद वाकळ बसते. ती दोघांना पुरते. सहावारी साडीचे चार भाग अवघे दीड-दीड वाराचे होतात आणि वाकळ एका माणसापुरती उरते. नऊवारी मागे पडली तेव्हा पेहरावाबरोबर पांघरुणाचे मापही बदलले. मधल्या थरांत धोतरे, सदरे, चोळ्या यांचे तुकडे पसरून जाड सुईने धावदोरा घातला जातो. शिवण कडेने सुरू होऊन फेऱ्याफेऱ्याने मध्याकडे सरकते, त्यामुळे थर गोळा होत नाहीत.

या शिवणकामाआधी वर्षानुवर्षे चालणारी साठवण असते. जुन्या लुगड्याच्या फडक्यात बांधलेले चिंध्यांचे बोचके माळ्यावर किंवा ट्रंकेत पडून असे. कसर लागू नये म्हणून त्यात वेखंड अथवा कडुलिंबाचा पाला ठेवीत. बोचक्यात काय जाई, हा निर्णय घरातील वडीलधाऱ्या स्त्रीचा. जरीचे व धड कापड बोहारणीकडे जाऊन त्याची भांडी होत. मऊ झालेले सुती कापड घरी राही. त्यातील सर्वांत मऊ तुकडे बाळाच्या दुपट्यासाठी वेगळे काढले जात. बोचके म्हणजे केवळ साठा नव्हे, ती निवड होती. म्हणूनच वाकळेवरून घराच्या सर्व वस्त्रांचा अंदाज बांधणे धोक्याचे ठरते. तिच्यात दिसते ते मुख्यतः रोजच्या वापरातले, विकण्याजोगे न उरलेले कापड.

ही मर्यादा सांभाळली तर वाकळेचे थर बोलू लागतात. इरकली लुगड्याचा काठ व गुळेदगुड्डचा खण दक्षिणेकडील हातमागाशी असलेला व्यापार दाखवितात. इचलकरंजीत विठ्ठलराव दातारांनी १९०४ मध्ये यंत्रमाग सुरू केला आणि कोल्हापुरात १९०६ मध्ये शाहू छत्रपती मिलची स्थापना झाली. त्यानंतरच्या कापडाचे सूत व वीण निराळी भासते. १९४३ च्या कापड नियंत्रणाच्या काळात जुन्या तुकड्याचे मोल वाढले असणार, हे अनुमान सयुक्तिक आहे. पुढे कृत्रिम धाग्याच्या साड्या आल्या. त्या लवकर विरत नाहीत आणि घाम शोषत नाहीत. परिणामी बोचके भरते, परंतु त्यातून ऊबदार वाकळ निघत नाही.

जुनी वाकळ फाटली की ती नव्या वाकळेच्या आत घालतात. त्यामुळे एकाच अंथरुणात दोन-तीन पिढ्यांचे कापड आढळू शकते, आणि सामान्यतः सर्वांत जुने सर्वांत आत असते. कोल्हापुरातील ब्रह्मपुरी टेकडीच्या १९४५-४६ मधील उत्खननाने मातीच्या थरांतून नगराचा इतिहास उलगडला. वाकळेचे वाचनही याच पद्धतीने शक्य आहे आणि त्यातील अडचणही तीच आहे. थर वाचावयाचे तर ते उसवावे लागतात, आणि उसवलेली वस्तू पूर्ववत होत नाही.

मात्र न उसवताही ती टिकणारी नाही. नवरात्रापूर्वी घरातील सारे अंथरूण-पांघरूण धुण्याची प्रथा कोल्हापूर परिसरात आहे. प्रत्येक धुण्यात वाकळ थोडी झिजते, आणि अखेर पायपुसणे होऊन संपते. कोणते लुगडे कोणाचे व कोणत्या प्रसंगाचे, हे सांगू शकणाऱ्या वृद्ध स्त्रियांची साक्षही तिच्याबरोबर नाहीशी होते. आज हौसेने गोधडी शिवणाऱ्या स्त्रिया नवे सुती कापड विकत आणून, रंगसंगती जुळवून सुंदर काम करतात. कला त्यातून तगते, परंतु त्या कापडाला घराचा पूर्वेतिहास नसतो. ऐतिहासिक साधन म्हणून महत्त्व आहे ते फाटक्या, विटलेल्या जुन्या वाकळेचे. ती उसवण्याची वेळ घरी येईल तेव्हा थरांचा क्रम, कापडाची जात, काठाचे माप आणि सांगणारीचे शब्द यांची नोंद करणे, हे काम प्रत्येक विद्यार्थ्यास आपल्या गावीच करता येण्याजोगे आहे.