कायद्याच्या कुंपणाबाहेरचे पोड

१९६४ साली गर्भपाताच्या कायद्याचा विचार करायला एक समिती नेमली गेली. अध्यक्ष होते महाराष्ट्राचे आरोग्यमंत्री शांतिलाल शहा आणि त्यांचे मुख्यमंत्री होते यवतमाळ जिल्ह्याच्या पुसद तालुक्यातल्या गहुलीचे वसंतराव नाईक. तेवढ्यावरून या कायद्याशी यवतमाळचे नाते सांगणे म्हणजे ओढूनताणून मान घेणे. खरे नाते पुढे आहे आणि ते मानाचे नाही.

तोवर १८६० ची दंडसंहिता चालू होती. बाईचा जीव वाचवण्याखेरीज इतर कारणाने गर्भ पाडला, तर पाडणाऱ्याला शिक्षा आणि पाडून घेणाऱ्या बाईलाही. तरी पोट पाडणे काही थांबले नव्हते. वर्षाला सुमारे ३९ लाख गर्भ पाडले जातात, असा शहा समितीचा अंदाज होता. १९७१ च्या कायद्याचे विधेयक मांडताना सरकारने आणखी एक गोष्ट मान्य केली: यातल्या बहुतेक बायका लग्न झालेल्या असतात, त्यांना गर्भ लपवायचे कारण नसते.

मग त्या अडकत कुठे होत्या? तर कुटुंबनियोजनाच्या मधल्या रिकाम्या जागेत. आपल्याकडे लग्न लवकर, मुले लागोपाठ आणि मग थेट 'ऑपरेशन', हा क्रम पिढ्यान्‌पिढ्या पक्का झाला. महाराष्ट्रात आजही विवाहित बायकांपैकी जवळपास निम्म्यांची नसबंदी झालेली आहे, पुरुषांची मात्र शेकड्यात एकाचीही नाही. ऑपरेशन झाले की काळजी मिटते. त्याआधीच्या वर्षांत तांबी बसवायची भीती, गोळीचा विसर, निरोधाला नवऱ्याची नाखुशी. पाळी चुकली की 'धुवून घेणे' हाच पाळणा लांबवायचा उपाय उरतो. साधने आली की गर्भपात लगेच घटतात, असेही नाही. दक्षिण कोरियात दोन्ही बराच काळ बरोबरीने वाढले. तिथे मोजकीच मुले हवीत असे घराघरांत ठरले होते, पण साधने अजून अंगवळणी पडली नव्हती. पुढे साधने रुळली, तसे गर्भपात उतरले.

१ एप्रिल १९७२ पासून अमलात आलेल्या कायद्याने हे दुखणे ओळखले होते. साधन फसून गर्भ राहिला, तर त्याचा मनस्ताप हीच बाईच्या मनाला झालेली गंभीर इजा धरता येईल, असे त्यात स्पष्टीकरण होते. अट अशी: साधन विवाहित बाईने किंवा तिच्या नवऱ्याने वापरलेले असावे.

आता यवतमाळ जिल्ह्यातली, तेलंगणाच्या सीमेवरची झरी-जामणी. इथल्या कोलाम आदिवासींच्या पोडांवर, म्हणजे वस्त्यांवर, लग्नावाचून आई झालेल्या मुलींचा प्रश्न 'कुमारी माता' या नावाने वर्तमानपत्रांत गाजला, विधिमंडळातही पोहोचला. कामाच्या, लग्नाच्या आमिषाने फसवून परागंदा झालेले पुरुष, मागे मुलगी आणि तिचे लेकरू. शासनाने पुनर्वसनाच्या, शिलाई यंत्रांच्या, घरकुलाच्या गोष्टी केल्या. पोर होण्याआधी तिच्या हाती काय होते, हे कोणी फारसे विचारले नाही. कुटुंबनियोजनाची सारी यंत्रणा 'पात्र जोडप्यां'च्या यादीवर चालणारी. तिचे नाव त्या यादीत कसे असणार? बलात्काराचे किंवा प्रकृतीच्या धोक्याचे कलम तिला लागू होते, हे खरे. पण साधन फसल्याची जी सवलत सौभाग्यवतीला होती, ती तिला नव्हती. पन्नास वर्षे हे असेच चालले, आणि याला केवळ नजरचूक म्हणवत नाही.

२०२१ च्या दुरुस्तीने 'विवाहित बाई आणि नवरा' जाऊन 'कोणतीही बाई किंवा तिचा जोडीदार' आले. २९ सप्टेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अविवाहितेलाही २४ आठवड्यांपर्यंत गर्भपाताची मुभा देणाऱ्या तरतुदीत जागा दिली. बाईचे नाव फोडणाऱ्याला आता कैदही होऊ शकते. अठराच्या आतल्या मुलीसाठी पालकाची लेखी संमती मात्र अजून लागते. झरी, मारेगाव, पांढरकवड्याच्या प्रत्येक आरोग्य केंद्राच्या भिंतीवर हे चार नियम मराठीबरोबर कोलामीतही रंगवावेत. कुमारी मातांचे आकडे मोजत बसण्याआधी जिल्हा परिषदेने एवढे तरी करावे.