कुणाच्या हाताखाली शिकलात?

आमच्या अहमदपूर तालुक्यात जुनी माणसे नव्या डॉक्टरची पारख एका प्रश्नाने करीत. 'कुठे शिकलात?' असे ती विचारीत नसत. 'कुणाच्या हाताखाली शिकलात?' असे विचारीत. पदवी कुणी दिली यापेक्षा हात कुणी घडवला, याला त्यांच्या लेखी महत्त्व होते. लहानपणी मला हा प्रश्न भाबडा वाटायचा. शाळेत इतिहास शिकवण्यात आयुष्य गेल्यावर आता वाटते, की आपल्या भागातल्या वैद्यकसेवेचा इतिहास लिहायचा, तर सुरुवात याच प्रश्नाने करावी लागेल.

हे आठवण्याचे कारण म्हणजे डॉक्टर दिन. डॉ. बिधनचंद्र रॉय यांचा जन्म १ जुलै १८८२ चा आणि मृत्यूही १ जुलैचाच, १९६२ सालचा. १९९१ पासून हा दिवस आपण डॉक्टरांचा म्हणून पाळतो. त्या दिवशी नांदेडला आणि लातूरला सत्कार होतात, शाल-श्रीफळ दिले जाते, भाषणे होतात. भाषणात किती शस्त्रक्रिया केल्या, कोणते यंत्र पहिल्यांदा आणले, हे सांगितले जाते. या डॉक्टरने रुग्णाशी कसे बोलावे हे कुणाकडून घेतले आणि पुढे कुणाला दिले, याचा उल्लेख मात्र क्वचितच होतो.

थोडे मागे जाऊ. १९४८ पर्यंत आपला मराठवाडा निजामाच्या राज्यात होता आणि मोठ्या दुखण्याचे दवाखाने दूर होते. नांदेडचा रुग्ण हैदराबाद गाठायचा. लातूरच्या लोकांना बार्शी लाइटची छोटी गाडी होती. ती बार्शी, पंढरपूर करीत थेट मिरजेला जायची. मिरजेला डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये मिशनचे रुग्णालय उभे केले होते. आमची आजी एखाद्याविषयी 'त्याला मिरजेला नेलंय' असे हलक्या आवाजात म्हणायची. त्याचा अर्थ आता सगळे उपाय संपले, असा असे. वानलेस यांच्या शस्त्रक्रियांची ख्याती मोठी होती. पण इतिहासाचा शिक्षक म्हणून मला दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. त्यांनी इथल्या तरुणांना हाताशी धरून वैद्यकी शिकवली. एकटा माणूस कितीही कुशल असला, तरी त्याच्या मागे तो दवाखाना चालायला तयार झालेले हात लागतात.

मराठवाड्यात असे हात तयार करण्याची सोय उशिरा झाली. औरंगाबादचे, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरचे, शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९५६ मध्ये निघाले. त्यानंतर १९७४ मध्ये अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नावाचे ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. लातूरपासून ते जवळच. वैद्यकीय महाविद्यालय मोठ्या शहरातच हवे, ही समजूत तिथे मोडली. त्याच्या जडणघडणीशी डॉ. व्यंकटराव डावळे यांचे नाव जोडलेले आहे. लातूर जिल्ह्यातल्या माकेगावात जन्मलेले नेत्रतज्ज्ञ डॉ. तात्याराव लहाने यांनीही नोकरीची सुरुवातीची वर्षे अंबाजोगाईतच काढली. त्यांची मूत्रपिंडे निकामी झाली तेव्हा १९९५ मध्ये आई अंजनाबाईंनी आपले एक मूत्रपिंड त्यांना दिले. पुढे २००८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. खाटेच्या दोन्ही बाजू पाहिलेला डॉक्टर म्हणून त्यांची गोष्ट आपल्याकडे घरोघरी सांगितली जाते. नांदेडला वैद्यकीय महाविद्यालय यायला १९८८ साल उजाडले आणि लातूरला शासकीय महाविद्यालय यायला २००२.

पण लातूरची हकीकत त्याच्या बरीच आधी सुरू होते. १९६६ मध्ये लातूर जिल्हा झाले नव्हते, ते उस्मानाबाद जिल्ह्यातले तालुक्याचे गाव होते. पुण्यात शिकलेले शल्यचिकित्सक डॉ. अशोक कुकडे, त्यांच्या पत्नी डॉ. ज्योत्स्नाताई आणि डॉ. अलूरकर यांच्यासारखे सहकारी त्या वर्षी लातूरला आले आणि त्यांनी विवेकानंद रुग्णालय सुरू केले. पुण्यात राहून उत्तम व्यवसाय करता आला असता, अशी ही माणसे. शिवाय प्रत्येकाने आपली वेगळी पाटी लावली असती, तर कुणी नाव ठेवले नसते. त्यांनी एक पाटी लावली आणि तिच्यावर कुणाचेच आडनाव घातले नाही. मला यातच शिकवणीचे बीज दिसते. जिथे दवाखाना एकाच्या नावाचा असतो, तिथे हाताखालचा तरुण मदतनीस राहतो. जिथे तो सगळ्यांचा असतो, तिथे तो वारसदार होतो. डॉ. कुकडे यांनी हा प्रवास 'कथा एका ध्येयसाधनेची' या पुस्तकात लिहिला आहे. २०१९ मध्ये परवडणाऱ्या आरोग्यसेवेसाठी त्यांना पद्मभूषण जाहीर झाले. मधल्या त्रेपन्न वर्षांत जे घडले ते पदकाच्या आधीच घडले होते, हे आपण विसरू नये.

या वर्षांची सर्वांत कठीण परीक्षा ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे झाली. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. विसर्जन करून गावे झोपली होती. ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी आणि सास्तूरचा परिसर हादरला आणि दगडमातीची माळवदाची घरे झोपलेल्या माणसांवर बसली. सुमारे १० हजार माणसे गेली. जखमींनी लातूरचे दवाखाने भरून गेले. मी नांदेडहून शिक्षकांच्या एका तुकडीबरोबर मदतीला गेलो होतो. एका वॉर्डच्या व्हरांड्यात पाहिलेला प्रसंग अजून डोळ्यांसमोर आहे. एक तरुण डॉक्टर हातात कागद घेऊन एका बाईला विचारत होता, 'घरातले कोण कोण गेले?' नोंद करायची होती, त्याचेही चुकत नव्हते. ती बाई नुसती पाहत होती. मागून एक वयस्कर डॉक्टर आले. त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि हळू आवाजात म्हणाले, 'आधी पाणी द्या. मग विचारा, सोबत कोण आहे. कोण गेले ते त्या सांगतील तेव्हा लिहा.' इतकेच बोलून ते पुढच्या खाटेकडे गेले. त्या मुलाने कागद खिशात घातला आणि तांब्या आणायला गेला. माझ्या समोर एक पाठ झाला. तो ना फळ्यावर होता, ना पुस्तकात.

योगायोग पाहा. त्याच १९९३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात डॉ. अर्नोल्ड गोल्ड यांनी एक नवा समारंभ सुरू केला. वैद्यकीच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना शिक्षकांनी आपल्या हाताने पांढरा कोट घालायचा आणि त्या कोटाची जबाबदारी समजावून सांगायची. विद्यार्थी रोग पाहतात, रोगी पाहत नाहीत, ही या बालमेंदूरोगतज्ज्ञाची खंत होती. त्यांच्या प्रतिष्ठानातर्फे अमेरिकेतल्या वैद्यकीय महाविद्यालयांतून करुणेसाठी पुरस्कार दिला जातो. एक मिळतो शिक्षकाला आणि एक बाहेर पडणाऱ्या विद्यार्थ्याला. ही जोडी मला फार आवडते. शिकवणारा आणि शिकणारा, दोघांना एकाच गुणासाठी उभे केले, की तो गुण एका हातातून दुसऱ्या हातात जातो हे सगळ्यांना दिसते.

आपल्याला हे नवे नाही. चरकसंहितेच्या विमानस्थानात गुरूने शिष्याला करायचा उपदेश आहे. रुग्णाच्या घरातली गोष्ट बाहेर नेऊ नये, स्वतःच्या जिवावर बेतले तरी रुग्णाचे वाईट चिंतू नये, असा त्याचा आशय. म्हणजे औषधांच्या आधी वागणूक, आणि ती गुरूच्या तोंडून.

आता माझ्या घरातले सांगतो. काही वर्षांपूर्वी वडिलांना हृदयाच्या दुखण्यासाठी एका मोठ्या शहरातल्या रुग्णालयात ठेवले होते. उपचारात काही कमी नव्हते. पण चार दिवस झाले तरी काय झाले आहे, हे आम्हाला कुणी सांगेना. विचारले की 'मोठे डॉक्टर सांगतील', आणि मोठे डॉक्टर राउंडला येत ते दोन मिनिटांसाठी. वडिलांनी जेवण सोडले. दुखण्यापेक्षा न कळण्याची भीती मोठी होती. पाचव्या दिवशी रात्री एक तरुण डॉक्टर स्टूल ओढून त्यांच्याजवळ बसला. एका कोऱ्या कागदावर त्याने हृदयाचे चित्र काढले आणि आपल्या मराठवाडी बोलीत सगळे समजावून सांगितले. वडिलांनी शांतपणे ऐकले आणि तोच जुना प्रश्न विचारला, 'कुणाच्या हाताखाली शिकलात?' तो हसला. मराठवाड्यातल्याच एका सरकारी महाविद्यालयात त्याचे शिक्षण झाले होते. म्हणाला, 'आमचे सर राउंडला रोगाचं नंतर विचारायचे, काका. आधी विचारायचे, पेशंटचं गाव कोणतं, सोबत कोण आहे, ते जेवलेत का? उत्तर आलं नाही तर सर पुढच्या खाटेकडे जातच नसत.' त्या सरांना कुठला पुरस्कार मिळाल्याचे माझ्या ऐकिवात नाही. वडील त्या रात्री जेवले.

श्रोतेहो, आज नांदेड आणि लातूर ही दोन नावे देशभर आणखी एका कारणाने घेतली जातात. डॉक्टर होऊ पाहणारी हजारो मुले इथे क्लासेससाठी राहतात. 'लातूर पॅटर्न' हा शब्द तर घराघरांत गेला आहे. खेड्यातल्या शेतकऱ्याची मुले यातून डॉक्टर झाली, याचा मला अभिमान आहे. पण नीटच्या ७२० गुणांत समोरच्या माणसाला पाणी देण्याला गुण नाहीत, आणि असूही शकत नाहीत. ते पुढे महाविद्यालयात, वॉर्डात, कुणाच्या तरी हाताखालीच शिकावे लागते. २०१९ पासून एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात वृत्ती, नीती आणि संवाद यांचे धडे आले, हे चांगले झाले. विद्यार्थ्यांनी खेड्यातली काही कुटुंबे दत्तक घ्यायची, अशीही योजना आली आहे. मात्र धडा पुस्तकात असला आणि राउंडला सरच दोन मिनिटांत निघून गेले, तर मुलगा पुस्तक विसरेल आणि सरांचे पाहील.

म्हणून माझी एक साधी सूचना आहे. यापुढे डॉक्टरांचा सत्कार कराल तेव्हा त्यांना व्यासपीठावर दोन नावे विचारा. तुम्ही कुणाच्या हाताखाली शिकलात, आणि तुमच्या हाताखाली कोण तयार झाले? दोघांपैकी जे येऊ शकतील त्यांना शेजारी बसवा. ज्या सिस्टरने पहिल्या रात्रपाळीला त्या डॉक्टरला सावरून घेतले, तिलाही बोलवा. शाल एकच असली तरी चालेल. ती कुठून आली आणि कुठे चालली आहे, हे समोर बसलेल्या मुलांना दिसले पाहिजे. त्यांच्यापैकीच कुणीतरी उद्या आपल्या खाटेशेजारी स्टूल ओढून बसणार आहे, किंवा बसणार नाही.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)